चौथ्या चरणात काय ठेवायचं?

'हालेलूया' या शब्दात बरोबर चार अक्षरं आहेत. 'प्रभू येशू'मध्ये चार, 'येशू ख्रिस्ता'मध्ये चार, 'तारणारा'मध्येही चार. आणि मोठ्या अभंगाचा चौथा चरणही चार अक्षरांचाच असतो. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये नव्याने लिहिल्या जाणाऱ्या अभंगांचा घात बहुतेक वेळा इथे होतो. पहिल्या तीन चरणांत कवी काहीतरी जिवाभावाचं सांगू पाहतो, यमक जुळतं, आणि शेवटची चार घरं मोकळी राहिली की तिथे हा तयार शब्द येऊन बसतो. प्रभूचं नाव घेण्यात गैर काहीच नाही. पण जागा भरायला घेतलेलं नाव वेगळं. 'नाव व्यर्थ घेऊ नको' ही आज्ञा अभंग लिहिणाऱ्यालाही लागू आहे.

स्तुतीच्या अभंगात हे एकवेळ खपून जातं. शंकेच्या अभंगात नाही. विश्वास डळमळलेला माणूस जेव्हा देवाशी बोलतो, तेव्हा त्याची सगळी मदार त्या छोट्या चरणावर असते. म्हणून आज अशा एका अभंगाची बांधणी कडव्याकडव्याने उलगडून दाखवतो.

आधी मोजमाप. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. एकूण बावीस. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब नाही, नुसती अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा धरायचा नाही. 'ख्रिस्त' दोन अक्षरं, 'पश्चात्ताप' चार, 'पुनरुत्थान' पाच.

नवख्यांची चूक ठरलेली आहे. ते कानाने मोजतात. बोलताना आपण 'घर' शब्दातला शेवटचा 'अ' गिळतो, त्यामुळे कानाला एकच अक्षर ऐकू येतं. अभंगात ती दोन धरायची, कारण गाताना तो 'अ' परत येतो. कानाने मोजलेला चरण कागदावर सात-आठ अक्षरांचा होतो, मग टाळकऱ्यांना तो घाईघाईने कोंबावा लागतो आणि नेमका महत्त्वाचा शब्द चेंगरतो. बोटांवर मोजा, प्रत्येक लिहिलेल्या अक्षराला एक पेर.

शब्द निवडतानाही हे मोजमाप आडवं येतं. 'वधस्तंभ' चार अक्षरं खातो, 'क्रूस' दोनच. 'परमेश्वर' घेतला की सहाच्या चरणात एकच घर उरतं, तिथे 'हा' किंवा 'तो' घालण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून जुन्या अभंगांत 'देवा', 'बापा', 'नाथा' अशी छोटी संबोधनं सारखी दिसतात. जवळीक तर असतेच, शिवाय दोन अक्षरांत काम होतं.

आता हा अभंगाचा साचा ख्रिस्ती कवितेने का धरला, याबद्दल थोडं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते ओवीत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. सृष्टीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगायला ओवीसारखं दुसरं वाहन नाही. पण ओवी सांगते. तक्रार करायची असेल, रुसायचं असेल, 'तू आहेस ना?' असं विचारायचं असेल, तर अभंगच हवा. ती वाट तुकोबांनी पाडून ठेवली होती. 'माझ्या लेखी देव मेला' इथपर्यंत ते जातात, आणि तेही देवालाच ऐकू जाईल अशा आवाजात.

रेव्हरंड नारायण वामन टिळक याच वाटेने आले. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात त्यांच्या हाती नवा करार आला, बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा, प्रश्नांचा, घरच्यांच्या दुःखाचा होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. त्यांची गीतं आजही 'उपासना संगीता'तून रविवारी गायली जातात. देवाला थेट 'तू' म्हणून त्याच्याशी भांडण्याची मुभा त्या पुलावर होती. आपण आज गीतं लिहिताना पूल घेतो, ती मुभा मात्र घेत नाही.

मुभा न घेतलेलं कडवं कसं दिसतं ते पाहा. मुद्दाम रचलं आहे, पण या चालीची कडवी कुठेही भेटतील:

माझ्या मनी होती । शंका फार मोठी ।
परी तुझ्यासाठी । गेली देवा ॥

मोजून पाहा, अक्षरं चोख आहेत. यमक ठीक आहे. तरीही कडवं मेलेलं आहे. पहिलं कारण 'होती'. शंका भूतकाळात टाकली की ती शंका राहत नाही, साक्ष होते. साक्षीला मंडळीत मोठं स्थान आहे, पण रविवारी मागच्या बाकावर बसलेल्या, आजही प्रार्थना ओठांवर न येणाऱ्या बाईला या ओळीत बसायला जागा नाही. दुसरं कारण 'शंका' हाच शब्द. त्याने काहीच दिसत नाही. कसली शंका, केव्हापासून, हात कुठे होते, दार उघडं होतं की बंद? तिसरं, 'तुझ्यासाठी' इथे यमकाने ओढून आणलेलं आहे, त्याला अर्थ नाही. आणि बावीस अक्षरांत शंका येऊन गेलीसुद्धा. पुढच्या चार कडव्यांना काही कामच उरलं नाही.

मग शंकेला किती जागा द्यावी? स्तोत्रसंहितेत उत्तर आहे. तेरावं स्तोत्र सहा वचनांचं. पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर?' हा सवाल चार वेळा येतो, पुढची दोन वचनं गयावया, आणि शेवटच्या दोन वचनांत सूर पालटतो. चारास दोन असं प्रमाण पडतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अठराही वचनांत पालटतच नाही, मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द अंधार हा आहे. ते स्तोत्रही पवित्र शास्त्रातच आहे, कुणी काढून टाकलं नाही. पाच कडव्यांचा अभंग असेल तर तीन कडवी शंकेला द्यावीत, एक कृपेला, एक मुद्रेला, म्हणजे शेवटच्या 'अमुक म्हणे'च्या कडव्याला. त्याहून घाई केली की ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

विषय घेऊ थोमाचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथे नव्हता. बाकीचे सांगू लागले, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांची खूण पाहिल्याशिवाय, तिथे बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. मग आठ दिवस गेले. प्रवचनांत या आठ दिवसांवर फार कमी बोललं जातं, सगळे पटकन पुढच्या भेटीवर उडी मारतात. आठ दिवस बाकीचे दहाजण आनंदात, आणि हा त्यांच्यातच बसलेला, रिकाम्या हाताने. शंकेचा अभंग त्या आठवड्यात सुरू व्हायला हवा.

आठ दिस झाले । दार उघडेना ।
कोणी हाकारीना । माझे नाव ॥

पहिल्याच चरणात आकडा आहे. 'फार दिवस झाले' म्हटलं असतं तर सहा अक्षरांऐवजी सात झाली असती, आणि वजनही गेलं असतं. मोजलेला दिवस दुखतो. 'उघडेना–हाकारीना' हे यमक थोडं सैल आहे, शेवटचा 'ना' जुळतो पण त्याआधीचा स्वर जुळत नाही. दोन्हीकडे नकार ठोठावल्यासारखा वाजतो म्हणून तो राहू दिला. चौथ्या चरणात 'माझे नाव'. इथे 'प्रभू येशू' सहज बसलं असतं. पण तक्रार अशी आहे की माझ्या नावाची हाक आली नाही, तर तिथे माझंच नाव यायला हवं.

पाहिला म्हणोनि । सांगती ती मात ।
परी माझा हात । रिता आहे ॥ध्रु.॥

'मात' म्हणजे बातमी, हकिगत. जुना शब्द आहे. जुने शब्द वापरावेत का, हा नेहमीचा वाद. नियम एवढाच की एकटा जुना शब्द आणू नये. 'म्हणोनि', 'दिस', 'मात', 'मज' अशी चार भावंडं एकत्र असली की भाषा एका घरची वाटते. आजच्या बोलीतल्या कडव्यात फक्त एक अक्षर कमी पडलं म्हणून 'पाहिले'चं 'पाहियेले' केलं, तर ते ठिगळ लांबून दिसतं.

या कडव्यापुढे ध्रुपदाची खूण आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ. तिसरं कडवं आधी असं जमलं होतं:

नको उपदेश । नको आश्वासन ।
खिळ्यांची ती खूण । दाव मज ॥

वाचताना बरं वाटतं. गाताना अडतं, कारण 'आश्वासन' आणि 'खूण' यांचं यमक नाही. 'न' आणि 'ण' वेगळे, आणि त्यांच्या आधीचे स्वरही वेगळे. 'आश्वासन' हा शब्द तर मंत्र्यांच्या सभेतून आल्यासारखा. बदलून:

नको उपदेश । नको गोड वाणी ।
खिळ्यांची निशाणी । दाव मज ॥

'वाणी–निशाणी' पुरं यमक. 'गोड वाणी' म्हटल्याने सांत्वन करायला आलेले मित्रही त्यात येतात. 'दाव मज' ही उद्धट मागणी आहे, आणि ती तशीच राहू द्यावी. इथे कवी घाबरतो आणि 'दाव मज'च्या जागी 'क्षमा करी' घालतो. तसं केलं तर पुढे कृपेला करायला काही उरत नाही, कारण माणसाने स्वतःच सगळं मिटवून टाकलेलं असतं.

आता अवघड कडवं. कृपेचं. इथे एक साधी कसोटी आहे. शंकेचं कडवं आणि कृपेचं कडवं यांच्यामध्ये 'म्हणून' किंवा 'तेव्हा' हा शब्द ठेवून वाचा. मी रडलो म्हणून तू आलास, मी गुडघे टेकले तेव्हा तू ऐकलंस, असा अर्थ लागला तर ती कृपा नव्हे, मजुरी झाली. रोमकरांस पत्रात पौलाने हाच भेद केला आहे: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, आणि कृपा कृत्यांनी मिळाली तर ती कृपाच उरत नाही. आपल्या कित्येक गीतांत शिकवण बरोबर असते, पण क्रियापदांचा क्रम मजुरीचा असतो. गाणारा नकळत तोच क्रम शिकतो. माझ्या मते ही चूक छंदाच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी.

दार तैसे बंद । कडी तशी आत ।
विंधलेला हात । पुढे आला ॥

योहान स्पष्ट लिहितो की आठ दिवसांनंतरही दारं बंदच होती. म्हणजे माणसाच्या बाजूने काहीही बदललेलं नाही. थोमाने दार उघडलेलं नाही, मन वळवलेलं नाही, मागणी मागे घेतलेली नाही. 'कडी तशी आत' हा चरण त्यासाठीच आहे. पहिल्या कडव्यात 'दार उघडेना' अशी देवाविरुद्ध तक्रार होती, आणि चौथ्यात कळतं की कडी आतून होती. हे समजावून सांगायचं नाही. 'आत' हे एक अक्षरजोड पुरेसं आहे.

'विंधलेला' ऐवजी 'कृपेचा तो हात' बसतं. मोजा: कृ-पे-चा-तो-हा-त, सहा. मोह होतो. पण 'कृपा' म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि पुढे जातो, 'विंधलेला' म्हटलं की त्याला भोक दिसतं. थोमाने जे मागितलं तेच समोर आलं आहे. या पाचही कडव्यांत 'शंका', 'विश्वास' आणि 'कृपा' हे तीन शब्द कुठेही नाहीत. लिहून झाल्यावर आपल्या अभंगातून हे तीन शब्द खोडून पाहावेत. अभंग उभा राहिला तर तो अभंग, कोसळला तर ती शिकवणीची यादी.

शेवटचं कडवं मुद्रेचं:

थोमा म्हणे देवा । बोट मागे गेले ।
तूच पाहियेले । आधी मज ॥

मुद्रा म्हणजे कवीचं नाव, 'तुका म्हणे'सारखं. ख्रिस्ती अभंगात ती कवीची असायलाच हवी असं नाही. शास्त्रातल्या माणसाच्या तोंडून अभंग म्हटला असेल तर मुद्रा त्याची घ्यावी: 'थोमा म्हणे', 'पेत्र म्हणे', 'मार्था म्हणे'. गाणारा आपोआप त्याच्या जागी जाऊन बसतो.

'बोट मागे गेले' यावर कुणी हरकत घेईल. चित्रांत थोमा जखमेत बोट घालताना दाखवतात. पण वचन पुन्हा वाचा. प्रभू म्हणतो, तुझं बोट इकडे कर. त्यानंतर थेट थोमाचे शब्द येतात, माझा प्रभू आणि माझा देव. त्याने हात लावला असं योहान लिहीत नाही. शिवाय प्रभूने त्याचीच मागणी जवळजवळ त्याच्याच शब्दांत त्याला परत केली, म्हणजे ती त्याने बोलली तेव्हाच ऐकली होती. बंद दाराआड, आठ दिवसांपूर्वी. 'आधी मज' ही चार अक्षरं त्यासाठी. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी 'दाव मज' होतं, इथे 'आधी मज' आहे. तोच 'मज', पण मागणाऱ्याचा नाही, सापडलेल्याचा.

मोठा अभंग जड वाटत असेल तर लहान अभंग घ्यावा: आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. मार्काच्या नवव्या अध्यायातल्या आजारी मुलाच्या बापाची प्रार्थना त्यात जशीच्या तशी बसते.

आहे विश्वास गा देवा । अविश्वास माझा न्यावा ॥

लहान अभंगात छोटा चरण नसतो, दोन्ही पारडी सारखी. आठ अक्षरं विश्वासाला, आठ अविश्वासाला. त्या बापाची अवस्था नेमकी तशीच आहे, म्हणून इथे हाच साचा योग्य. 'गा' मात्र जपून. संबोधनाचा 'गा' किंवा 'बा' एका अभंगात एकदा शोभतो, तीनदा आला की तो अक्षर भरायला आलाय हे लपत नाही.

पाश्चात्त्य चालींवर लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजी गीतांची चाल बहुधा एका हलक्या सुरापासून सुरू होते, कारण त्यांच्या ओळीच्या आरंभी बिनवजनाचा छोटा शब्द असतो. मराठी ओळ थेट नामाने किंवा क्रियापदाने सुरू होते. मग 'देवा'मधला 'दे' हलक्या सुरावर पडतो आणि 'वा'वर ठोका येतो. ते टाळायला लोक ओळीआधी 'हे', 'तो', 'रे' जोडतात, आणि सगळं गीत भाषांतरित वाटू लागतं. शंकेच्या गीतात तर हे फारच खटकतं, कारण मनातलं बोलणारा माणूस असं अडखळत सुरुवात करत नाही.

आता ध्रुपद. गाथ्यात बहुतेक अभंगांना ध्रुपदाची खूण दुसऱ्या कडव्याला असते, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर ते परत गायचं. लिहिणारे याचा विचार करत नाहीत, सर्वांत चांगलं कडवं शेवटी ठेवतात आणि दुसरं कसंबसं भरतात. गाताना मात्र दुसरंच पाच-सहा वेळा ऐकू येतं. आपल्या अभंगात ते कडवं 'परी माझा हात रिता आहे'. पहिल्या तीन कडव्यांनंतर ते तक्रार म्हणून ऐकू येतं. चौथ्यानंतर तेच शब्द परत येतात: विंधलेला हात पुढे आला, परी माझा हात रिता आहे. एक अक्षर न बदलता अर्थ फिरतो. रिकामा हात आता घेणाऱ्याचा हात आहे. आणि तक्रारही पुरती गेलेली नाही, ती त्याच शब्दांत राहते. ज्याची शंका अजून फिटलेली नाही तोही इथपर्यंत सगळ्यांबरोबर गाऊ शकतो.

भजनी ठेका आठ मात्रांचा घ्यावा, लय मध्यम. सहा अक्षरांचा चरण एका आवर्तनात आरामात बसतो. चौथ्या चरणाच्या चार अक्षरांना दोन-दोन मात्रा येतात, त्यामुळे 'रि-ता-आ-हे' लांबतं. पेटीवाल्याने तिथे भराव घालू नये, स्वर धरून ठेवावा. चौथ्या कडव्याआधी टाळ थांबवावेत, 'दार तैसे बंद' नुसत्या आवाजात म्हणावं, आणि 'पुढे आला'वर टाळ परत घ्यावेत. पाचव्या कडव्यानंतर ध्रुपद एकदाच, लय उतरवून. 'रिता आहे'वर थांबावं. त्यानंतर सवयीने कुणीतरी 'हालेलूया' उचलतं. त्यांना आधीच सांगून ठेवावं की इथे दोन आवर्तनं शांत राहायचं आहे.